पद्मपाणीचं पेन

शाईच्या पेनावर आमच्या दाजींइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही; सापडलाच, तर दाजी त्याला निबांविषयी ऐकवून ऐकवून पळवून लावतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, नांदूरघाटचे निवृत्त गुरुजी. किराण्याची यादीसुद्धा ते अशी लिहितात की दुकानदाराला ती फाडवत नाही. कुणी पेन मागितलं तर देतात, पण टोपण स्वतःच्या मुठीत. एकदा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर एक ड्रायव्हर पेन घेऊन तसाच निघाला. दाजी टोपण उंच धरून ट्रकमागं धावले. पेन परत मिळावं म्हणून नाही. "आरं, हे तरी घेऊन जा, निब वाळंल की!"

अशा माणसाला संभाजीनगरच्या एका दुकानात ते पेन दिसलं. काळ्या लाखेवर सोनेरी रेघांनी रंगवलेला अजिंठ्याचा पद्मपाणी, टोपणावर पिंपळपान, निबवर धम्मचक्र. किंमत ऐकून आक्का तिथल्या स्टुलावरच टेकली. तेव्हापासून दाजींना संभाजीनगरला सारखी कामं निघू लागली. कधी डोळे तपासायचे, कधी चष्मा आणायचा. काम पाच मिनिटांचं, बाकी वेळ त्या काचेसमोर.

"बुद्धानं तृष्णा सोडा म्हणलंय," आक्का म्हणायची, "अन् तुमी रोज तिलाच कुरवाळताव."

"सोडायला आधी हातात तर येऊ दे."

मी दाजींना म्हटलं, पेनाचा चांगला फोटो काढून भिंतीला लावू. "जेवायच्या येळंला ताटाचा फोटो वाढता का तुमी?" झालं, विषय संपला.

यंदाच्या हिवाळ्यात मी सोबत होते. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, त्या पेनाला गिऱ्हाईक मिळालं. उद्या नेणार." दाजींचा चेहरा बघून त्यानं पेन बाहेर काढलं, निब शाईत बुडवली आणि कोरा कागद पुढं सरकवला. दाजींनी पेन दोन्ही हातांनी घेतलं. आणि जन्मभराची सवय, लिहिण्याआधी झटकलं. सगळी शाई त्यांच्याच पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर. ओशाळून त्यांनी निब रुमालानं पुसली, पेन परत ठेवलं. लिहायचं राहूनच गेलं.

घरी आक्का लिंबू-मीठ घेऊन बसली, तर म्हणाले, "राहू दे."

पौर्णिमेला वंदनेसाठी विहारात तोच सदरा. शेजारच्यानं विचारलं, "गुरुजी, पेन गळालं वाटतं?"

दाजींनी रिकाम्या खिशावर हात ठेवला. "हां," ते हळूच म्हणाले, "लई भारी पेन हाय. जरा गळतंय."