परतीची जीप

स्वतःची फजिती चहा गरम असतानाच सांगितलेली बरी, म्हणून ऐका.

मी पुण्यात पेशींवर संशोधन करते. आपल्या बहुतेक पेशींच्या अंगावर एकेक बारीक केस असतो. सिलियम म्हणतात त्याला. बाहेरची चाहूल पेशी त्यानं घेते. पण त्या केसात प्रथिनं बनत नाहीत हो. खाली पेशीत बनतात आणि वर वाहून न्यावी लागतात. माझं एक प्रथिन काही केल्या वर दिसेना. चार वर्षं गेली. शेवटी ‘हे आत जातच नाही’ असं सरांना लिहून द्यायचं आणि काम गुंडाळायचं ठरवलं, नि तोंड पाडून घरी पवनानगरला आले.

माझे वडील, आबा, पवनानगर-कामशेत जीप चालवतात. जेवताना त्यांनी माझ्या ताटातला गार भात बघितला.

“काय झालं गं?”

म्हटलं, सांगून टाकावं. “आबा, पेशी म्हणजे आपलं पवनानगर समजा. केसाचं टोक म्हणजे कामशेत. वाटेत नाका, वाटेल त्याला सोडत नाहीत. प्रथिनं जीपनं जातात. माझा प्रवासी पोचतच नाही.”

“पोचत न्हाई कशावरनं?”

“कामशेतला बघितलं ना. हजारदा बघितलं. तिथं नसतो तो.”

आबा शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, “आपली शांतामावशी रोज मासं घिऊन कामशेतला जाती. पाटी रिकामी झाली की लगेच माघारी. दुपारी तिला तितं हुडकलंस तर घावंल का? म्हंजी ती गेलीच न्हाई व्हय?”

“मग गेली होती हे कळणार कसं?” मी अजून तोऱ्यातच.

“परतीची जीप बंद कर. मागं एकदा दुपारी रस्ता अडवल्याला, तवा सकाळी गेल्याली समदी तितंच अडकून बसल्याली.”

आता गंमत बघा. परतीची वाहतूक थांबवायची रीत आमच्या प्रयोगशाळेत आहे. शेजारच्या टेबलावर रोज वापरतात. माझ्याच डोक्यात कधी आली नाही. परत गेल्यावर करून बघितली, तर एकूण एक केस माझ्या प्रथिनानं गच्च भरलेला. मला रडूच कोसळलं.

डोळे पुसून आबांना फोन लावला. “तुमचं खरं निघालं. मेलं, हे आधीच का नाही सांगितलंत?”



“दर खेपंला इचारतोय की, पोरी, काम कसं चाललंय. तू म्हनायचीस, आबा, तुमाला न्हाई कळायचं. मला वाटलं, आसंल बा.”