वाकडा डोळा

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. तरी मी एका सिनेमात काम केलं आहे. सिनेमा दोन मिनिटांचा आहे आणि त्याला शेवट नाही. मधलाही भाग नाही. नुसती सुरुवात.

माझी नात कॉलेजात सिनेमा शिकते. हा विषय कॉलेजात शिकवतात हे मला तिच्यामुळे कळलं. तिला भुताच्या सिनेमाची सुरुवात करून द्यायची होती. पुढचा सिनेमा कोणी काढायचाच नाही. लोकांना जेवायला बसवायचं, पानं मांडायची आणि उठवायचं, असा तो प्रकार. मी तिला विचारलं, "मग पुढे काय होतं?" ती म्हणाली, "पुढे काय होतं ते आपल्याला नाय ठरवायचं. फक्त भीती वाटली पाहिजे."

भीती तिला स्वतःलाच जास्त वाटत होती. आदल्या परीक्षेत ती याच विषयात नापास झाली होती. तिने कुंडलिका नदीच्या पाण्यावर काहीतरी काढलं होतं, आणि यात काही घडतच नाही असं सरांनी लिहून दिलं होतं. ते मीही पाहिलं होतं. सरांचं काही चुकलं नव्हतं.

माझा मुलगा धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. त्याने जेवताना शांतपणे सांगितलं, "या वेळी नाय झाली तर जूनपासून आमच्या गेटवरच्या ऑफिसात बसायचं. आल्या-गेल्या ट्रकचे नंबर लिहायचे. मी साहेबांना विचारून ठेवलंय."

नोकरी वाईट नव्हती. पंखा होता, खुर्ची होती. मला चौथीनंतर कामाला बसवलं तेव्हा दोन्ही नव्हतं आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. त्यामुळे नातीच्या बाजूने काय बोलावं हे मला चटकन सुचलं नाही. पण तिने दोन दिवस भाताला हात लावला नाही, तेव्हा मुलाला म्हटलं, "एक वेळ बघ तिला करू दे." तो म्हणाला, "बघतोच आहे."

कॅमेरा कॉलेजचा होता, शनिवार-रविवारपुरता मिळालेला. सोमवारी सकाळी परत करायचा. नातीबरोबर तिच्या वर्गातली कोलाडची मुलगी होती. तिच्या वडलांचं हायवेला हॉटेल आहे. कॅमेरा ती धरणार होती, कारण हॉटेलात वाढल्यामुळे तिचा हात जड वस्तूला सरावलेला होता. भूत मी होणार होते, कारण घरात रिकामी मीच होते.

शनिवारी दुपारी रोह्याला आमच्याच घरात काम सुरू झालं. दुपारी, कारण रात्री कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणे. मग पोरींनी खिडक्यांना चादरी लावून रात्र केली. त्यांनी माझ्यासाठी पांढरी साडी आणली होती. मला विधवा होऊन वीस वर्षं होऊन गेली, तेव्हासुद्धा मी पांढरं नेसले नाही. आता नात पास व्हावी म्हणून नेसले. केस मोकळे सोडा म्हणाल्या. सोडायला केस तर पाहिजेत. जे होते ते सोडले, ते खांद्यापर्यंतही पोचले नाहीत.

मी दाराकडे पाठ करून बसायचं, पोरींनी हाक मारायची, आणि मी हळूच मान वळवायची. वळवली. कोलाडची म्हणाली, "आजी, तुम्ही रागावल्यासारख्या दिसता, भुतासारख्या नाय."

"मला मान वळवली की दुखतं."

पुन्हा वळवली. तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आत आली. अंधारात मला पाहून ती घाबरेल असं पोरींना वाटलं, म्हणून त्यांनी कॅमेरा चालूच ठेवला. शेजारीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय गो, डोक्याला तेल लावायला बसलीस व्हय? आणि खिडक्या कशाला झाकल्यास, ऊन लागतंय?"

संध्याकाळपर्यंत नऊ-दहा वेळा केलं. नातीने ते कॅमेऱ्यात पाहिलं. मग म्हणाली, "हे बघून सर हसतील." आणि न्हाणीत जाऊन रडून आली. तोंड धुतल्यासारखं करून आली, पण कळतं.

मला रडणं आवडत नाही. मी म्हटलं, "भीती वाटायला पांढरी साडी कशाला लागते? मला उभ्या जन्मात एकदाच भीती वाटली, ती भर दिवसा. पेणच्या कारखान्यात पहिल्या दिवशी गेले तेव्हा. चारी बाजूंना फळ्यांवर पांढरे गणपती बसलेले, आणि एकालाही डोळे नाहीत."

नातीने माझ्याकडे पाहिलं. मग कोलाडच्या मुलीकडे पाहिलं. आणि रविवारी सकाळी आम्ही तिघी पेणला जायच्या गाडीत बसलो.

पेणच्या त्या कारखान्यात मी पन्नासेक वर्षं काम केलं. सुरुवातीला माती मळली, मग घासकाम, मग दागिन्यांचे रंग, आणि शेवटची वीसेक वर्षं आखणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते सगळ्यात शेवटी काढतात आणि ते काम सगळ्यांना देत नाहीत. बाईला तर देतच नव्हते. एका वर्षी आखणीवाला सणाच्या तोंडावर आजारी पडला, तेव्हा म्हाताऱ्या शेठनी नाइलाजाने मला बसवलं. दुसऱ्या वर्षी तो बरा होऊन आला तरी मला उठवलं नाही.

पुढे मला उठवलं ते म्हाताऱ्या शेठच्या मुलाने. पाच-सहा वर्षांपूर्वी. तो म्हणाला, "मावशी, आता आराम करा. रेघ हलते." रेघ हलत होती. मी ब्रश धुतला आणि रोह्याची गाडी पकडली. त्यानंतर मी कारखान्यात पाऊल टाकलं ते त्या रविवारी.

तो मुलगाच आता शेठ. त्याने चहा सांगितला. कशासाठी आलो ते ऐकून म्हणाला, "भुताचा सिनेमा? गणपतीच्या कारखान्यात?"

मी म्हटलं, "डोळे नसलेल्यांतच सिनेमा काढतील. तुझ्या गणपतींना काय धक्का नाय लागणार."

आमच्या धंद्यात डोळे नसेपर्यंत तो माल असतो. त्याच्या सोंडेवर कारागीर शर्ट टांगतात, मांडीवर चहाचा कप ठेवतात. कुठे फुटला, तडकला तर मागच्या हौदात टाकतात. शाडूची माती पाण्यात भिजून पुन्हा कामाला येते. पण एकदा डोळे आले की तो बाप्पा. मग कप खाली, शर्ट खिळ्याला, आणि त्याच्याकडे पाय करून कोणी बसत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण कारखान्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

शेठने एक मूर्ती दिली. तिचा एक हात कोपरापासून गेला होता आणि ती हौदात जायची होती. मी त्या मूर्तीसमोर बसायचं, कोरडा ब्रश घेऊन डोळे काढल्यासारखं करायचं, आणि मग कॅमेऱ्याकडे मान वळवायची. साडी माझी रोजचीच, केस बांधलेले. नात तीनदा बजावून म्हणाली, "आजी, खरं नाय काढायचं. नुसतं केल्यासारखं."

"कळलं गो."

कळलं होतंच. पण शेजारच्या पाटावर काळ्या रंगाची वाटी होती. कोरडा ब्रश मी आयुष्यात मूर्तीपुढे धरलेला नाही, त्यामुळे बसल्या-बसल्या तो वाटीत बुडवून कडेला पुसला, हे माझं मलाच कळलं नाही. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. श्वास आत घेतला. वरची पापणी एका रेघेत ओढायची असते, मध्ये थांबायचं नसतं. ओढली. मग खालची, मग बुबुळ. एक डोळा पुरा झाला तेव्हा मी श्वास सोडला आणि नात हळूच म्हणाली, "आजी, तू खरंच काढलास."

मी पाहिलं. उजवा डोळा उघडा, डावीकडे सपाट पांढरं. आणि तो उघडा डोळा वाकडा होता. रेघ शेवटाला थरथरली होती आणि बुबुळ वर सरकलं होतं. मान मी वळवली, ती कॅमेऱ्याकडे नाही, शेठ कुठे आहे ते बघायला.

शेठ मागेच उभा होता. तो नातीवर चिडला नाही. माझ्यावरच चिडला. "मावशी, ही हौदात टाकायची होती. आता कोण टाकणार? मी टाकू? तुम्ही टाकता?"

"एका डोळ्याचा तर ठेवता येत नाय. दुसरा काढते."

"आता काय ठेवलंय, काढा."

दुसरा काढला. तो पहिल्यापेक्षा बरा आला, म्हणून दोन्ही मिळून आणखी वाईट दिसू लागले. शेठ बराच वेळ बघत राहिला. मूर्तीकडे, मग माझ्या हाताकडे. शेवटी म्हणाला, "हात मी जोडून देतो. रंगवूनही देतो. पण हा दुसऱ्या कोणाच्या घरी नाय जायचा. भाद्रपदात तुमच्याच घरी न्यायचा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

कॅमेरा परत करायची वेळ आली होती, त्यामुळे पुन्हा काढायचा प्रश्नच नव्हता. दोन दिवसांचं काम बघितलं, तर माझी रागीट मान, विरजणवाली शेजारीण आणि तो डोळा, एवढंच हाताला लागलं. नातीने कंप्युटरवर डोळ्याची जोडणी केली. गाडीच्या शिट्टीचा आवाज लांबून घातला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तुला नको असेल तर डोळा सरळ करता येतो. कंप्युटरवर होतं ते."

"कर."

तिने केला. सुंदर डोळा झाला. चांगल्या दिवसांत माझा यायचा तसा.

मुलगा शिफ्टवरून येऊन जेवत होता. त्याला दोन्ही दाखवले. आधी सरळ डोळ्याचा. तो जेवता जेवता म्हणाला, "छान आहे. सणाची जाहिरात आहे का?" मग वाकड्या डोळ्याचा. त्याचा घास हातात राहिला. पांढऱ्या तोंडावर एकच डोळा उघडतो आणि तो बघणाऱ्याकडे बघत नाही, बघणाऱ्याच्या जरा मागे बघतो. मुलाने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. "बंद कर ते," तो म्हणाला आणि ताट उचलून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

नात माझ्याकडे बघत राहिली. दोन्हींतला कोणता द्यायचा, हे तिला माझ्याकडून हवं होतं.

पेणमध्ये आखणीवाल्याचा डोळा सहीसारखा ओळखतात. हा सिनेमा फोनवरून फिरणार, कारखान्याकारखान्यांत जाणार, आणि लोक म्हणणार की बघा, म्हातारीचा हात गेला. इतकी वर्षं हे शेठ आणि मी, दोघांतच होतं. आणि दुसरीकडे गेटवरचं ऑफिस, पंखा आणि ट्रकचे नंबर.

"वाकडाच दे," मी म्हटलं.

सिनेमाबरोबर चार पानं लिहूनही द्यायची होती. आपण काय केलं, का केलं, त्यातून काय शिकलो. नातीने मला वाचून दाखवलं. "भीती ही अपूर्णतेतून निर्माण होते, असं आमच्या लक्षात आलं. म्हणून आम्ही डोळा हेतुपुरस्सर वाकडा ठेवला."

"हेतुपुरस्सर म्हणजे?"

"मुद्दाम."

"मुद्दाम कुठे ठेवला? माझा हात हलला."

तिने पेन हातात घेतलं. "मग तसं लिहू?"

मी चार पानांकडे पाहिलं. अक्षर चांगलं होतं तिचं. "नको," मी म्हटलं. "मुद्दामच लिही."

ती पास झाली. सरांनी शेरा दिला होता की वृद्ध कलावंताकडून इतकं नेमकं काम करून घेणं सोपं नसतं. मला कलावंत आजवर कोणी म्हटलं नव्हतं आणि नेमकं तर गेल्या कित्येक वर्षांत नाही. मुलाने साहेबांना जाऊन सांगितलं की मुलगी येणार नाही. दुसऱ्या कोणाची तरी आली असेल.

गणपतीच्या आधी मी मुलाला घेऊन पेणला मूर्ती आणायला गेले. शेठने हात झकास जोडला होता, पितांबर केशरी केला होता. डोळ्यांना हात लावला नव्हता. कोणीतरी त्याला फोनवर सिनेमा दाखवला असणार, कारण कारखान्यातली पोरं माझ्याकडे बघून एकमेकांना खुणावत होती.

शेठ जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "मावशी, तो डोळा. मुद्दाम काढला होतात?"

"व्हय," मी म्हटलं.

त्याला काय खरं ते ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. तो म्हणाला, "असेल, असेल," आणि मूर्ती उचलून मुलाच्या हातात दिली. मूर्ती नेताना तिच्या तोंडावर रुमाल टाकतात. तो शेठने स्वतः टाकला. टाकताना त्याने जरा घाई केली, असं मला वाटलं.