बेहडा कुणी आणला

नूरबीचे गुडघे आता जीव घेत होते. चढण कशीबशी निभावली, पण उतरणीला दर दहा पावलांवर "या अल्ला!" अमडापूरजवळच्या टेकडीवरल्या जंगलापासून थेट तिच्या घरामागपर्यंत नाल्याकाठी झाडोऱ्याची पट्टी होती. वरची अर्धी दाट, खालची अर्धी नुसतं गवत. तिथं झाडं लावायची की नाही, हे ग्रामपंचायत पुष्पांजलीचा अहवाल बघून ठरवणार होती.

पुष्पांजली मेहकरच्या कॉलेजातली विद्यार्थिनी. झाडांची नावं नूरबीला विचारायची, पानं मोजायची, बिया तोलायची. तिचं म्हणणं साधं होतं. हलकी बी वाऱ्यावर जाते, गोड फळ पाखरं नेतात. जड बी मात्र झाडाच्या पायथ्याशीच पडून राहते.

आणि अर्ध्या वाटेवर, सपाट खडकाभोवतीच्या गवतात, बेहड्याची अकरा रोपं, अन् जवळपास बेहड्याचं मोठं झाड एकही नाही!

"चाची, जड बीसुद्धा आपोआप आली!" पुष्पांजली वही काढून लिहायलाच बसली. "मग खाली काही लावायची गरजच नाही. जंगल स्वतःच येईल."

नूरबी खडकावर टेकली. गप्प बसली असती तर पोरगी खूश झाली असती. पण मग घरामागचा तो उघडा तुकडा तिच्या मयतीपर्यंत उघडाच राहिला असता.

"आपोआप कायचं बेटा? बेहड्याचं पोतं डोक्यावर घेऊन मी आठ वर्षं याच रस्त्यानं बाजारात गेली. दम लागला का इथंच बसत होती. वरून सडलेले बेहडे व्यापारी घेत नाही, ते निवडून इथंच फेकत होती."

पुष्पांजलीचं तोंड उतरलं. महिन्याची मेहनत! ती पुन्हा रोपांपाशी वाकली.

"पण सगळी कमरेच्या वरची आहेत, चाची. लहान एकही काऊन नाही?"

"तीन वर्षं झाले, गुडघे गेले माहे. पोतं सुटलं."

बोलता बोलता नूरबीला रडू कोसळलं. जन्मभर ओझी वाहिली, मागं काहीच उरलं नाही, असंच ती धरून चालली होती. ही अकरा तिला कुणी सांगितलीच नव्हती.

पुष्पांजलीनं लिहिलेली ओळ खोडली. "मग काय लिहू?"

"खरं लिही. जड बी उचलून न्या लागते."

नूरबीनं डोळे पुसले, तोलून झालेले बेहडे पुष्पांजलीच्या पिशवीतून पदरात ओतून घेतले आणि गुडघ्यावर हात देत उठली.

"चाल बेटा. खालची अर्धी बाकी हाय."