देवानं धाडलेलं दळण

नगरच्या स्टँडवर गाडीच्या दारात उभं राहून शमुवेलदादानं माझ्यासाठी एवढी लांब प्रार्थना केली, की कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. मी नवी नवरी, नवऱ्यासोबत रत्नागिरीला निघालेली. परमुलखात, मूर्तिपूजकांमध्ये आपल्या बहिणीचा विश्वास टिकू दे, असं माझा हा थोरला भाऊ डोळे मिटून आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता. देव बहिरा नाही, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नाही. आई मात्र खिडकीशी आली, भाकरी-ठेच्याचं फडकं हातात दिलं आणि म्हणाली, "देवावर भरवसा ठेव बाई, पण हात रिकामे ठेवू नको." बस, तिची प्रार्थना एवढीच.

तर माहेरच्या मंडळींनो, आणि पुण्या-मुंबईला जाऊन माझ्यासारखेच परके झालेल्यांनो, ग्रुपवर तुम्ही रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर वचन टाकता आणि दुपारी मी कुणाचं काय दळते याची चर्चा करता, असं कानावर आलंय. म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगावं.

इथं आले तेव्हा इथलेही काही कमी नव्हते. "ख्रिश्चन ना तुम्ही? मग मराठी कशी बोलता?" हा प्रश्न मला शिकल्यासवरल्या माणसांनी विचारलाय. तोंडानं बोलते, म्हटलं. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या ज्वारीची भाकरी खाऊन ओव्यांच्या चालीवर भजनं म्हटली गेली, आणि ह्यांना वाटतं आम्ही परवा बोटीतून उतरलो! नवरा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होता. रविवारी प्रार्थना, एरवी तांदळाची भाकरी आणि बांगडा. भाकरी थापायला मला वर्ष गेलं. ज्वारीच्या हाताला तांदळाचं पीठ दाद देत नाही.

मग नवरा गेला. दादाचा फोन आला, "देव पुरवील." काय पुरवील, कधी, कुणाच्या हातून, ते काही त्यानं सांगितलं नाही. स्वतःहून तर त्यानं ज्वारीचं पोतंही धाडलं नाही. ह्या जातीचे विश्वासू मी पुष्कळ पाहिलेत. दुसऱ्याच्या चुलीसाठी देवावर भरवसा टाकायचा आणि स्वतःच्या चुलीसाठी दुकानात जायचं.

मी पीठगिरणी टाकली. इथं नुसतं गिरण म्हणतात. टाकली खरी, पण दळण येईना. वाडीतल्या बाया डबा डोक्यावर घेऊन माझ्या दारावरून पुढच्या नाक्यावरच्या गिरणीत जायच्या. मी रोज सकाळी दगडांवर हात ठेवून म्हणायचे, देवा, दळण धाड. दुसरं काही मागितलं नाही.

गणपती जवळ आले तेव्हा शेजारच्या सुलभाकाकी आल्या. धुऊन, सावलीत वाळवलेले पांढरेशुभ्र तांदूळ, मोदकांसाठी. डबा खाली न ठेवताच विचारलं, "आधी कुणाचं दळलंस गो?"

"अजून कुणाचंच नाही, काकी."

"मग बरंच झालं. मोदकांना कोरा दगड मिळाला." आणि डबा ठेवला.

पीठ उतरलं तसं काकींनी चिमूट जिभेवर ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीत सांगून आल्या. दुसऱ्या दिवशी दारात डब्यांची रांग. मी देवाकडं दळण मागितलं आणि त्यानं मोदकाचे तांदूळ धाडले. यात काही चुकलं असेल तर त्याला विचारा. मला काय विचारता?

पण दादाला विचारायचं होतं मलाच. यंदा गणपतीच्या तोंडावर कुणीतरी माझ्या दारातल्या रांगेचा फोटो ग्रुपवर टाकला, आणि दादा एसटी पकडून थेट इथं. आला तो गिरणीच्या दारात उभा राहिला, हात वर केले आणि सुरू झाला. बाया डबे धरून बघतायत. काकी मला हळूच म्हणाल्या, "हे पण पूजा सांगतात का गो?" इतक्यात गिरणीचा पट्टा तुटला.

"खूण!" दादा ओरडला. "देवाची खूण!"

"खूण नाही दादा, खर्च आहे. पट्टा जुना झाला होता." खुंटीवरचा नवा पट्टा काढला, चढवला, बटण दाबलं. खूण संपली.

दुपारी दादानं माझ्याच हातच्या तांदळाच्या भाकऱ्या पोटभर हाणल्या आणि हात धुता धुता म्हणाला, "हे बंद कर. नैवेद्याचं पीठ दळणारे हात माझ्या मेजाला नकोत. नाहीतर नाताळला घरी येऊ नको. आई आता नाही, घर माझं आहे."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दर नाताळला मी जायचे. आईची कबर तिकडं आहे. भाकरीच्या घासाबरोबर आपलं माहेर कुणी गिळून टाकलं तर बाईनं काय करायचं? उठले आणि पुढचा डबा ओतला.

डिसेंबरात वहिनीचा फोन. "वन्सं, दरवर्षीसारखं चकलीचं पीठ धाडता ना? ह्यांना दुसऱ्या पिठाची चालत नाही." हात चालत नाहीत, पीठ चालतं! वा रे विश्वास!

आता गिरणवालीला विचाराल तर सांगेन. आधीच्या दळणाचं मूठभर पीठ दगडात राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून दादाच्या तांदळाआधी मी दरवर्षी ओंजळभर तांदूळ फिरवून टाकून द्यायचे. उगाच त्याच्या मनाला लागायला नको. यंदा संकष्टीच्या दिवशी काकींचं मोदकाचं दळण उतरलं आणि त्याच दगडात दादाचे तांदूळ ओतले. गिरण बंदही केली नाही. पीठ बांधून गाडीनं धाडलं.

नाताळ इथंच केला. आदल्या आठवड्यापासून बाया डबे घेऊन येत होत्या. "तुझा सण आला ना गो, गिरण बंद असेल, म्हणून आधीच उरकतो." कुणाला सांगावं लागलं नाही. माझी गिरण कोणत्या दिवशी बंद असते हे जिथं सगळ्यांना पाठ आहे, त्याला मी आता घर म्हणते. आईच्या कबरीवर फूल ठेवायला जाईनच कधीतरी. तिथं दादाची परवानगी लागत नाही.

नाताळच्या सकाळी ग्रुपवर दादाचा फोटो आला. मेजावर चकल्यांची रास, मागं दादा हात जोडून, खाली लिहिलेलं, 'प्रभूनं पुरवलेलं पवित्र अन्न.'

मी खाली लिहिलं, आमेन.