सलग सीटची गाडी

कुवेतला जायच्या आधी मी चिपळूणला स्कूटरच्या दुकानात नोकरीला होतो. तिथे विकणं म्हणजे काय हे मला कधी कळलंच नाही, कारण त्या काळात स्कूटर कुणी विकत नसे, ती मिळत असे. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे आणि नंबर लागला की पेढे घेऊन दुकानात यायचे. रंग कुठला हवा, असं विचारायची पद्धत नव्हती. अर्जात मात्र मी 'वाहनविक्रीचा दीर्घ अनुभव' असं लिहिलं, आणि त्या एका ओळीवर कुवेतमधल्या एका अमेरिकन गाडीच्या शोरूमने मला बोलावून घेतलं.

लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. शोरूमच्या निम्म्या काचा अजून बसायच्या होत्या, पण गाड्या येऊन उभ्या होत्या. इराकी सैन्याने लोकांच्या दारातल्या गाड्या पळवल्या होत्या, त्यामुळे ज्याला त्याला गाडी हवी होती. आणि देश अमेरिकेने सोडवून दिला होता, त्यामुळे ती अमेरिकनच हवी होती. आमचा मॅनेजर लेबनॉनचा. त्याला सगळे मुदीर म्हणायचे, म्हणजे साहेबच. पहिल्या दिवशी त्याने मला आमच्या गाडीचं स्थान समजावून सांगितलं. अमेरिकेतली मूळ कंपनी एकच, पण तिच्या गाड्यांची घराणी अनेक. सगळ्यात खालची ऑफिसच्या कामाला, सगळ्यात वरची शेखांना. आमची मधली. जो अजून वर पोचलेला नाही, पण ज्याला खालचा म्हटलेलं चालत नाही, त्याची ही गाडी. मला ते लगेच पटलं. आमच्या आळीत अशी माणसं पुष्कळ होती, फक्त त्यांच्याकडे गाडी नव्हती.

मुदीर स्वतः जपानी गाडी चालवायचा. आम्ही सगळेच जपानी गाड्या चालवायचो, आणि गिऱ्हाइकांना दिसू नयेत म्हणून त्या मागच्या गल्लीत लावायचा नियम होता.

माझं पहिलं गिऱ्हाईक अहमदीहून आलं. तेल कंपनीतून निवृत्त झालेले एक कुवेती गृहस्थ, पांढरा पायघोळ डगला, हातात जपमाळ. सगळे त्यांना हज्जी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. लहानपणी वडिलांच्या खजुराच्या धंद्यापायी ते मुंबईत राहिले होते, त्यामुळे त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार होतं. त्यांची आमच्याच कंपनीची गाडी इराक्यांनी नेली होती आणि त्यांना अगदी तशीच हवी होती. तशीच म्हणजे पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत सलग, सोफ्यासारखी, मरून मखमलीची. गियर स्टिअरिंगला लागून, त्यामुळे मध्ये काही अडथळा नाही. त्यांच्या बायकोचे, म्हणजे हज्जियांचे, गुडघे धरलेले होते. दार उघडलं की सीटवर टेकायचं आणि घसरत आत जायचं, अशी त्यांची सवय. मधल्या जागेत त्यांचा कॉफीचा मोठा थर्मास आणि खजुराची करंडी.

हज्जिया काळ्या पायघोळ अबायात हळूहळू आल्या, बसल्या, मखमलीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "झैन." म्हणजे छान. गाडी विकली गेली. मी तोंडातून शब्द काढला नव्हता. मुदीरने माझ्या विक्रीकौशल्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं.

पुढची काही वर्षं आमची चलती होती. माझं लग्न झालं, बायको सरकारी हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली, आणि आम्ही रिग्गई भागात दोन खोल्यांत राहू लागलो. तिच्या हॉस्पिटलात पुण्याचे एक डॉक्टर होते. तेही माझ्याकडे गाडी बघायला आले. माहितीपत्रक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलं, त्यातली व्याकरणाची एक चूक दाखवली, पुन्हा आले, पुन्हा वाचलं, आणि शेवटी हज्जींसारखीच मरून मखमलीची गाडी घेतली. सीटवरचं कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक काढायला आमचा माणूस पुढे झाला, तर डॉक्टरांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "राहू द्या. वाळूचा देश आहे."

ते प्लॅस्टिक फाटलं तेव्हा त्यांनी जाड पारदर्शक प्लॅस्टिकची कव्हरं शिवून घेतली. कुवेतच्या उन्हात ते प्लॅस्टिक असं तापायचं की वहिनी, म्हणजे डॉक्टरांची बायको, टॉवेल अंथरल्याशिवाय बसायच्या नाहीत. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला डॉक्टर गाडी हॉलच्या दाराशी आडवी लावायचे. आरतीला आलेला प्रत्येक माणूस तिला वळसा घालून आत जायचा आणि जाताना आत डोकावून मखमल बघायचा. हात लावून कुणीही बघितली नव्हती.

मग अमेरिकेहून साहेब लोक आले.

ते दोघे होते, आणि त्यांनी भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली. आमच्या गाड्या चांगल्या खपत होत्या, पण साहेबांच्या मते त्या चुकीच्या माणसांना खपत होत्या. आमचं गिऱ्हाईक म्हातारं होतं. ते आजोबांसारखं दिसत होतं, आणि आजोबा ज्या गाडीतून फिरतात ती गाडी नातू घेत नाही. म्हणून आता गाडी तरुण करायची. मुदीर सतत मान डोलवत होता. चहाच्या वेळी मी भीत भीत विचारलं, की जे येतात त्यांचं काय करायचं. साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की ते कुठे जात नाहीत, ते आपलेच आहेत.

तरुण झालेली गाडी आली त्या सुमारास हज्जी दुसरी घ्यायला आले. पहिली अजून उत्तम चालत होती, पण मुलाला एक देऊन आपल्याला नवी, असा त्यांचा विचार होता. मी त्यांना नवं मॉडेल दाखवलं. सलग सीट गेली होती. तिच्या जागी दोन वेगळ्या खुर्च्या, मध्ये उंचवटा, त्यात गियर आणि पेले ठेवायच्या दोन खोबणी. हज्जिया आत शिरू लागल्या तर त्यांचा गुडघा खुर्चीच्या कडेवर आपटला. त्या कशाबशा बसल्या, थर्मास खोबणीत घालून बघितला, तो बसेना, मग तो मांडीवर घेऊन समोर बघत राहिल्या.

मी हज्जींना नव्या गाडीच्या सुधारणा सांगू लागलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "मैंने कोई शिकायत की थी क्या?"

मी म्हटलं, नाही.

"फिर किसने की?"

ते जुनीच गाडी घेऊन परत गेले. मी ही हकीकत इंग्रजीत नीट लिहून मुदीरमार्फत अमेरिकेला पाठवली. उत्तर आलं, सभ्य भाषेत. त्यात माझे आभार मानले होते आणि सदर गृहस्थ हे आपलं अपेक्षित गिऱ्हाईक नव्हे, असं कळवलं होतं.

अपेक्षित गिऱ्हाईक यावं म्हणून शोरूममध्ये तरुणांसाठी एक संध्याकाळ ठेवली. कर्कश गाणी, फिरते दिवे, कबाब, आणि कंपनीचं नाव छापलेल्या टोप्या. तरुण आले. कबाब खाल्ले, गाड्यांत बसले, गाणी मोठी करून बघितली आणि शेजारच्या जर्मन शोरूममध्ये निघून गेले. टोप्या कुणी नेल्या नाहीत. त्या मी आमच्या गावच्या लोकांना वाटल्या. ते शुऐबाच्या कारखान्यांत वेल्डिंगचं आणि रंगाचं काम करायचे. पुढे कितीतरी दिवस तिथल्या उन्हात आमच्या कंपनीचं नाव झळकत होतं, आणि ते मिरवणारी सगळी मंडळी ठेकेदाराच्या बसमधून फिरत होती.

त्यानंतर दर वर्षी काहीतरी बदलायचं. एकदा चिन्ह बदललं, एकदा घोषवाक्य. एका मॉडेलवर तर कंपनीचं नावच घातलं नाही. म्हणजे लोकांनी गाडी आवडून घ्यावी आणि ती आमची आहे हे त्यांना उशिरा कळावं, असा तो बेत होता. लोकांना ती कुणाची हे कळेना, म्हणून ते घेईनात. पूर्वी येणारे आजोबा लोक बाहेरूनच काचेतून बघायचे आणि सलग सीट दिसली नाही की निघून जायचे. साहेबांना जसं हवं होतं तसंच झालं, म्हातारं गिऱ्हाईक संपलं.

शेवटी अमेरिकेने हे घराणंच बंद करायचं ठरवलं. मुदीरने आम्हाला बोलावून सांगितलं, की गिऱ्हाइकांसमोर 'बंद' हा शब्द वापरायचा नाही, 'प्रवासाची पूर्तता' म्हणायचं. उरलेल्या गाड्यांवर घसघशीत सूट जाहीर झाली, आणि इतकी वर्षं ज्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं ते सगळे आले. शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती. मुदीर मला म्हणाला, की आपण आधीच बंद पडायला हवं होतं.

त्या गर्दीत एक दिवस हज्जी आले. सूट त्यांना नको होती. त्यांची जुनी गाडी मुलाने दुभाजकावर चढवली होती. मुलगा बचावला, गाडी भंगारात गेली. आता घरात मुलाची उंच जीप होती, आणि तिच्यात चढायचं म्हणजे हज्जियांना दोघांनी धरून वर ढकलावं लागे. लाजेने त्यांनी बाहेर जाणंच सोडलं होतं. हज्जींनी मला बाजूला घेऊन विचारलं, की जुन्यातली एखादी कुठे आहे का. मी शोरूमभर नजर फिरवली. एवढ्या गाड्यांत त्यांना दाखवावी अशी एकही नव्हती.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "डॉक्टरांची आहे ना! ते निघालेत पुण्याला कायमचे."

डॉक्टर बरेच दिवस गिऱ्हाईक शोधत होते, पण बंद पडलेल्या नावाची गाडी कोण घेणार? ही गोष्ट त्यांनी मान्य केली नव्हती. ते लोकांना सांगत, की दुर्मिळ झाल्यामुळे तिची किंमत वाढली आहे. शुक्रवारी मी हज्जी आणि हज्जियांना घेऊन त्यांच्या इमारतीखाली गेलो. डॉक्टर इस्त्रीच्या शर्टात गाडीजवळ उभे होते, वहिनी जिन्याच्या पायरीवर. हज्जींनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा त्यांनी ऐकला, हातात हात दिला आणि बायकोला बसायला सांगितलं.

हज्जिया टेकल्या, घसरत आत गेल्या आणि प्लॅस्टिक करकरलं. त्या थबकल्या. खाली बघितलं, हाताने चाचपलं आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या. हज्जींनी आम्हाला सांगितलं, "वो पूछती है, सीट कहाँ है?"

"नीचे है," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "बिलकुल नयी है."

हज्जींनी बायकोला उतरवलं, किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा चाकू काढला आणि कव्हर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाडलं. डॉक्टर तोंड फिरवून समोरच्या दुकानाची पाटी वाचत राहिले. खालून मखमल निघाली, शोरूममध्ये पहिल्या दिवशी होती तशीच, गडद मरून, एक डाग नाही. वहिनी पायरीवरून खाली आल्या.

"मी जरा बसू का?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"आता गाडी त्यांची झाली. त्यांना विचार."

विचारावं लागलंच नाही. हज्जिया आत शिरून मध्ये सरकल्या आणि त्यांनी शेजारची जागा थोपटली. वहिनींनी चपला खाली काढल्या आणि बसल्या. दोन्ही तळवे त्यांनी मखमलीवर टेकवले. मग मान वर करून नवऱ्याला म्हणाल्या, "इतकी वर्षं मला टॉवेलवर बसवलंत." आवाजात राग नव्हता. डॉक्टरांना तो असता तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, की म्हणून तर इतकी चांगली राहिली. वहिनी म्हणाल्या, "हो, त्यांच्यासाठी."

हज्जी गाडी सुरू करून बसले होते. त्यांनी डॉक्टरांना आणि मला मागे बसायची खूण केली. मागच्या सीटवरचं कव्हर तसंच होतं. डॉक्टर त्यावर सवयीने अंग चोरून बसले. समुद्राच्या रस्त्याने आम्ही लांबवर गेलो. पुढे हज्जियांनी सोबत आणलेल्या थर्मासमधून कॉफी ओतून वहिनींना दिली, खजूर दिले, आणि दोघी आपापल्या भाषेत बोलू लागल्या. एकीची अरबी आणि दुसरीची मराठी, पण विषय बहुधा गुडघ्यांचा होता, कारण दोघी अधूनमधून गुडघ्यावर हात ठेवत होत्या. डॉक्टर मला म्हणाले, की मखमल उन्हाने विटेल. थोड्या वेळाने म्हणाले, "बसायला बरी दिसते, नाही?" मी हो म्हटलं.

डॉक्टर आणि वहिनी महिनाभरात पुण्याला गेले. आमच्या शोरूममध्ये कोरियन गाड्या आल्या आणि मी त्या विकू लागलो. हज्जी कधी कधी सुट्या भागांसाठी फोन करायचे आणि मी कुठून कुठून ते मिळवून द्यायचो. काही वर्षांनी हज्जिया वारल्याचं त्यांच्या मुलाकडून कळलं. भेटायला अहमदीला गेलो तेव्हा गाडी अंगणात झाडाखाली उभी होती, धुतलेली.

त्यानंतर हज्जी एकदा शोरूममध्ये आले आणि त्यांनी कोरियन गाड्यांतली सगळ्यात लहान मागितली. एकट्याला पुरते, म्हणाले. मी सवयीने तिची माहिती सांगायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि चहा मागवायला सांगितला. त्या दिवशी मुंबईतल्या त्यांच्या लहानपणाच्या घराबद्दल ते बराच वेळ बोलत होते. मुदीर दोनदा डोकावून गेला. मी उठलो नाही.