कायद्यापुरता विमा
गाडीच्या ताज्या रंगाचा वास आला की मले अभनपुर रोडवरचं ते गॅरेज आठवते. गाय वाचवताना आमची कार झाडावर आदळून बोनेट पार चेपलं होतं. विमा काढून देणारा आमच्या मराठी मंडळातलाच, दर गणपतीत घरी जेवणारा. "वहिनी, सगळं कव्हर आहे, कागद काय वाचता!" म्हणून मी वाचलेच नव्हते. गॅरेजवाला विम्याचे कागद पाहून म्हणाला, "दीदी, ये सिर्फ थर्ड पार्टी है, सामने वाले का नुकसान मिलेगा, आपका नहीं." मी तिथूनच विमावाल्याले फोन लावला. इतकी वर्षं मराठीत बोलणारा तो माणूस थंडपणे म्हणाला, "भाभीजी, कानून में इतना ही ज़रूरी है." आता मंडळात तो पुन्हा वहिनी म्हणते, मी हिंदीतच उत्तर देते.