त्रेसष्टावी ओळ

आजकाल सगळे अंगठ्याने मोबाईलचा पडदा वर ढकलत बसतात. त्याला तळच नाही. आमच्या चैतराम उके सरांना हे बघवत नाही. परवा बालाघाटला गेलो तर म्हणाले, "अश्विन, किती पाह्यलं आन् किती उरलं हेच ज्याले समजत नाही, तो काय पाहून राह्यला मंग?"

सरांचा कॉम्प्युटर क्लास बसस्टँडमागे एका औषधाच्या दुकानाच्या वर होता. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही दहा पोरं-पोरी तिथं जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचो. मी लामत्याहून बसने यायचो. जिना चढताना खालच्या औषधांचा वास यायचा, त्यामुळे वर्गात पोचेपर्यंत अर्धा आजार बरा झालेला असायचा. उरलेला सर बरा करायचे.

स्क्रोल शिकवायचा दिवस मला अजून आठवतो. सरांनी मॉनिटरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून खिडकी केली होती आणि दहा-बारा कोरे कागद चिकटवून लांबच लांब पट्टा. पुठ्ठा टेबलावर उभा, पट्टा त्याच्या मागे.

"खिडकी हलत नाही. मागचा कागद हलते. स्क्रीनच्या बाजूची पट्टी खाली ओढली का कागद वर जाते. खिडकीबाहेरचं पुसलं गेलं नाही, फक्त झाकलं हाय. समजलं?"

"बसच्या खिडकीतून झाडं मागं जातेत, तसंच ना सर?" वीरेंद्रने विचारलं.

"नाही बे. तिथं तू जातो. इथं तू बसून हायेस आन् झाडं जाऊन राह्यली."

"फिर तो टिकट झाडों को लगना चाहिए, सर," वीरेंद्र म्हणाला.

सर स्वतःच एवढे हसले की पट्टा हातातून सुटून जिन्यापर्यंत गेला.

एक गोष्ट मात्र ते रोज घोकून घ्यायचे. चौकट आतल्या पानाला विचारते, बाबा, तू केवढा? पानाने आपली लांबी सांगितली तर चौकट बाजूला पट्टी देते. नाही सांगितली तर तिला वाटतं सगळं मावलं, आणि पट्टी देतच नाही. पान आपलं झाकलेलं बसतं.

सर स्वतः तेव्हा अडतीस वर्षांचे, बिनलग्नाचे. दुसऱ्याचं काम फुकट करून द्यायला सदा तयार. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की यूपीएसची वायर तपासायला लागायचे.

त्या वर्षी वारासिवनीला आमच्या समाजाचा वर-वधू परिचय मेळावा होता. मुला-मुलींची माहिती फोटोसकट प्रोजेक्टरने भिंतीवर दिसावी म्हणून सरांनी प्रोग्राम लिहिला. आमच्या वर्गातली नूतन फॉर्म वाचायची, सर टाइप करायचे. बासष्ट झाले. त्रेसष्टावा नूतनने वाचला, "चैतराम उके," आणि थांबली. सरांच्या आईने, शांताबाईंनी, तो गुपचूप गठ्ठ्यात सरकवला होता. फॉर्ममागे कुणाकडून तरी निरोपही लिहून घेतला होता: यंदा नाही जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही.

सर वाकून यूपीएसची वायर तपासायला लागले.

"टाका ना सर," नूतन म्हणाली.

सरांनी टाकला. फक्त 'अपेक्षा' हा रकाना रिकामा ठेवला.

मेळाव्याच्या दिवशी समाजभवन भरलं होतं. माईकवर सूत्रसंचालक गजेंद्रभाऊ. ज्याची ओळ भिंतीवर येईल त्याने मंचावर येऊन दोन शब्द बोलायचे. बारा झाले.

"सर, समोरचं नाव?" गजेंद्रभाऊंनी पुढचं नाव मागितलं.

समोर काहीच नव्हतं. बाराव्या ओळीशी भिंत संपली, बाजूला पट्टीही नाही. एक म्हातारबुवा ओरडले, "बाराच हायेत? मंग चारशे लोकांचं जेवण काहून शिजवलं गा?"

सरांनी वर्गात दहा खोटी नावं टाकून प्रोग्राम तपासला होता. आमचीच. दहा नावं चौकटीत मावत होती, त्यामुळे लांबी सांगायचं राहिलं ते कुणाला कळलंच नाही. वीरेंद्र माझ्या कानात म्हणाला, "जो घोकवते, तोच इसरते."

चारशे लोकांसमोर भिंतीवर कोड उघडून सरांनी ती एक ओळ लिहिली. पट्टी उगवली. आता शिकवल्याशिवाय राहवेल तर ते उके सर कसले! माईक घेतला.

"पट्टीतली ही दांडी पाहा. दांडी लहान, म्हणजे यादी मोठी. ती खाली टेकली का यादी संपली."

झालं. त्यानंतर लोक फोटो कमी आणि दांडी जास्त बघायला लागले. जेवण किती दूर आहे ते तिच्यावर कळत होतं ना!

एक्केचाळिसावी आली लामत्याची साधना मेश्राम. शाळेत शिकवायची, वय चौतीस. माईक नको म्हणाली, तरी शेवटच्या रांगेत ऐकू गेली. पुढे पन्नास, साठ, बासष्ट. बासष्टावा बोलून उतरला आणि सरांनी माऊस सोडला.

"झालं. जेवून घ्या."

खुर्च्या सरकल्या. दुसऱ्या रांगेत शांताबाई नूतनचा हात धरून विचारत होत्या, "आला का वं माहा पोरगा? मले वाचता येत नाही." आम्ही दहाही जण सरांकडे बघत होतो, सर वायरकडे.

"सर," मंचाजवळून साधना म्हणाली, "दांडी टेकली नाही."

"ते... थोडी जागा सुटते खाली."

"तुमीच त सांगितलं, टेकल्याबिगर संपत नाही म्हणून. यादी अजून झाकली हाय."

लोक हसले. उठलेले परत बसले. म्हातारबुवा म्हणाले, "ओढा ना गा सर, भूक लागली!"

सरांनी माऊस धरला. दांडी दोनदा उलटी वर गेली. तिसऱ्यांदा टेकली.

भिंतीवर सरांचा क्लासच्या ओळखपत्रातला फोटो आला, पुढे नाव, वय, काम. नियमाप्रमाणे आता मंचावर जाऊन दोन शब्द बोलायचे होते. सर गेले, माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी चैतराम." तिसरा शब्द काही निघेना.

"अपेक्षा काहून रिकामी हाय?" साधनाने खालूनच विचारलं.

सरांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "भरायची राह्यली."

"किती लांब हाय?"

"लांब नाही. एकच ओळ."

"मंग सांगा," ती म्हणाली, "जेवण थांबलं हाय."